पेसमेकर बाहेर काढल्याचं कोडिंग : नव्याने कार्डिओलॉजीत आलेल्या कोडरसाठी

पुण्यात, नवी मुंबईत किंवा नागपुरात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट कोड करणारी, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून बिलासाठी कोड लावणारी, आपली बरीच मुलं-मुली आहेत. त्यांतल्या कुणाला कार्डिओलॉजीची टीम मिळाली, की पहिले काही दिवस बरे जातात. पेसमेकर बसवला, त्याचा कोड सापडला, चार्ट पुढे गेला. मग एक दिवस पेसमेकर काढल्याची ऑप नोट, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद, समोर येते आणि गाडी अडते. बसवण्याला एकच कोड पुरतो, काढण्याला कधी दोन लागतात, कधी तीन, आणि कधी काढण्याचा वेगळा कोड लावणंच चूक ठरतं. मी गेली काही वर्षं नवीन मुलांचे चार्ट ऑडिट करते. सगळ्यात जास्त खुणा याच भागात कराव्या लागतात, म्हणून हा लेख.

इथे दिलेले कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी यादीतले (शस्त्रक्रिया-उपचारांचे) आणि अमेरिकेच्या आयसीडी-१० मधले (मुख्यतः निदानाचे) आहेत. सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं आणि आयसीडी-१० चं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यामुळे चार्ट ज्या तारखेचा असेल, त्या वर्षाच्या पुस्तकात ताडून पाहिल्याशिवाय कोड टाकायचा नाही.

आधी वस्तू ओळखा

यंत्राचे दोन भाग असतात. छातीच्या कातडीखाली, बहुधा डाव्या कॉलरबोनखाली, एक खिसा करून त्यात धातूची चपटी डबी ठेवतात. हा पल्स जनरेटर. बॅटरी आणि सर्किट दोन्ही त्याच्यातच सीलबंद असतात. डबीतून निघून शिरेवाटे हृदयात जाणाऱ्या तारा म्हणजे लीड. सीपीटीत त्यांना इलेक्ट्रोड म्हटलंय, पण डॉक्टर सर्रास लीडच लिहितात. एक लीड असेल तर सिंगल, उजव्या कर्णिकेत आणि उजव्या जवनिकेत मिळून दोन असतील तर ड्युअल, आणि डाव्या जवनिकेसाठी तिसरी असेल तर मल्टिपल लीड सिस्टिम.

पेसमेकर ठोका चालू ठेवतो. डिफिब्रिलेटर त्याशिवाय जीवघेणी लय तोडायला झटकाही देतो. दोघांचे कोड पूर्ण वेगळे आहेत. इथे एक घोटाळा नवीन माणसाच्या लक्षात येत नाही : डॉक्टर डिफिब्रिलेटरला आयसीडी लिहितात आणि आपण निदानाच्या कोडनाही आयसीडी म्हणतो. मी ट्रेनिंगमध्ये यंत्राला कायम डिफिब्रिलेटरच म्हणायला लावते. या लेखातही तसंच केलंय.

हे यंत्र एकदा बसवलं की कायमचं, असा समज असेल तर तो आधी सोडा. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. तो काही तासांत बंद पडला आणि लगेच दुसरा बसवावा लागला. लार्सन २००१ पर्यंत जगले, आणि तोवर त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. यंत्र बसवणं आणि काढणं ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

तीन रकाने

नोट हातात आली की कोडबुक उघडायचं नाही. कागदावर तीन रकाने आखायचे : बाहेर काय आलं, आत काय राहिलं, नवीन काय गेलं. मग नोटचं शीर्षक झाकायचं आणि मधला वर्णनाचा भाग सावकाश वाचत रकाने भरायचे.

शीर्षक झाकायचं कारण साधं आहे. ते बरेचदा शस्त्रक्रियेआधी ठरलेल्या बेताप्रमाणे लिहिलेलं असतं. वर "लीड एक्स्ट्रॅक्शन" लिहिलंय, आणि खाली वाचलं तर लीड हलेना म्हणून डॉक्टरांनी ती कापून, टोकाला टोपी बसवून तिथेच ठेवून दिलेली असते. ही कॅप केलेली लीड "आत राहिलं" या रकान्यात जाते. ती काढलेली नाही, म्हणून लीड काढल्याचा कोड नाही. काढायचा खरा प्रयत्न झाला आणि रुग्णाच्या जिवाला धोका दिसला म्हणून डॉक्टरांनी तो थांबवला, असं नोटमध्ये स्पष्ट असेल, तर मॉडिफायर ५३ चा विचार करता येतो (मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायची दोन आकडी खूण). तेवढं स्पष्ट नसेल तर नाही.

फक्त बॅटरी बदलली असेल तर

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि चुकाही इथेच जास्त होतात. डॉक्टर लिहितात "बॅटरी चेंज". प्रत्यक्षात बॅटरी वेगळी निघत नाही, अख्खा जनरेटर बदलतात. सीपीटीच्या सूचनांतही हे सांगितलंय. जुनी डबी बाहेर, नवी डबी आत, लीड जुन्याच.

२०१२ पासून यासाठी काढणं आणि घालणं एकत्र धरणारे कोड आहेत. पेसमेकरला सिंगल लीडसाठी ३३२२७, ड्युअलला ३३२२८, मल्टिपलला ३३२२९. डिफिब्रिलेटरला त्याच क्रमाने ३३२६२, ३३२६३, ३३२६४. यांच्या जोडीला काढण्याचा वेगळा कोड लावायचा नाही.

मी नवीन होते तेव्हा ड्युअल पेसमेकरच्या जनरेटर बदलाला ३३२३३ आणि ३३२१३ असे दोन कोड लावले होते. मनात हिशोब सरळ होता : जुना काढला त्याचा एक, नवा घातला त्याचा एक. ऑडिटमध्ये अख्खा चार्ट परत आला. ३३२३३ म्हणजे जनरेटर फक्त काढला. ३३२१३ म्हणजे आधीपासून असलेल्या दोन लीडना फक्त नवा जनरेटर जोडला, त्या बैठकीत जुना काही काढला नाही. दोन्ही कोडच्या वर्णनात "फक्त" या अर्थाचा शब्द आहे आणि तो मी वाचलाच नव्हता. तेव्हापासून मी कोडचं वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचते आणि माझ्या टीमलाही वाचायला लावते.

सगळंच काढलं असेल तर

आता जनरेटरही बाहेर आणि लीडही बाहेर. पेसमेकरचा जनरेटर काढला त्याचा ३३२३३. शिरेवाटे गेलेल्या लीड काढल्या त्याचा, सिंगल लीड सिस्टिम असेल तर ३३२३४, ड्युअल असेल तर ३३२३५. दोन लीड निघाल्या म्हणून ३३२३४ दोनदा लावायचा नाही, ३३२३५ एकदाच.

डिफिब्रिलेटरला जनरेटरचा ३३२४१ आणि शिरेवाटे काढलेल्या लीडचा ३३२४४. यातला ३३२४४ एकदाच लागतो, लीड एक असो वा दोन. डिफिब्रिलेटरच्या ड्युअल सिस्टिममधली कर्णिकेतली लीड साध्या पेसमेकरच्या लीडसारखीच असते. ते पाहून मुलं तिला ३३२३४ लावायला जातात. लीड कशी दिसते याने काही ठरत नाही, ती कुठल्या सिस्टिमची आहे याने ठरतं.

त्याच बैठकीत पूर्ण नवी सिस्टिम बसवली तर नवीन बसवण्याचा कोड वर जोडायचा. ड्युअल पेसमेकर मुळापासून बदलला तर ३३२३३, ३३२३५ आणि ३३२०८. डिफिब्रिलेटर मुळापासून बदलला तर ३३२४१, ३३२४४ आणि ३३२४९. जनरेटरला हात न लावता एकाच लीडच्या पेसमेकरची लीड काढून नवी घातली तर ३३२३४ आणि ३३२१६. लीड बाहेर न काढता फक्त सरकवून नीट बसवली तर काढण्याचा काहीच कोड नाही, उजव्या बाजूच्या लीडला ३३२१५.

छाती उघडून काढण्याचे कोड वेगळे आहेत : हृदयाच्या बाहेरून शिवलेला पेसमेकर आणि लीड यांना ३३२३६ किंवा ३३२३७, शिरेतल्या पेसमेकर लीडना ३३२३८, डिफिब्रिलेटरच्या लीडना ३३२४३. नोटच्या वर्णनात थोरॅकोटॉमी दिसली तरच या बाजूला वळायचं.

लीड नसलेला, थेट जवनिकेत बसणारा कॅप्सूलसारखा पेसमेकर काढला तर ३३२७५. कातडीखालून जाणाऱ्या डिफिब्रिलेटरची लीड काढली तर ३३२७२. कातडीखालचा, ठोक्यांची लय नोंदवणारा लूप रेकॉर्डर काढला तर ३३२८६.

लेसर लागला म्हणून वेगळा कोड आहे का?

हा प्रश्न दर बॅचमध्ये कुणी तरी विचारतंच, आणि विचारायलाच हवा. नवी लीड हळूच ओढली की सुटते. जुन्या लीडभोवती शरीर चिवट ऊतीचं आवरण तयार करतं आणि ती शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला चिकटते. मग डॉक्टर लीडवरून एक नळी सरकवत, लेसरने किंवा फिरणाऱ्या पात्याने ते आवरण सोडवत आत जातात. वरची महाशीर फाटली तर काही मिनिटांत रुग्ण दगावू शकतो. म्हणून मोठ्या केंद्रांत अशा वेळी हृदय शल्यविशारद तयार ठेवतात. आपण स्क्रीनवर पाच आकडे टाइप करतो, तेव्हा पलीकडे काय घडून गेलंय याची जाणीव कोडरला असावी असं मला मनापासून वाटतं. ती असली की नोट आपोआप नीट वाचली जाते.

असं असूनही लेसरला वेगळा सीपीटी कोड नाही. ३३२३४, ३३२३५ किंवा ३३२४४ मध्येच ते काम धरलंय. काम नेहमीपेक्षा खरोखर कितीतरी जास्त झालं असेल तर मॉडिफायर २२ लावता येतो. पण त्यासाठी काय अवघड होतं, का होतं आणि किती जादा वेळ गेला हे डॉक्टरांनी नोटमध्ये लिहिलेलं हवं. नुसता "लेसर वापरला" हा उल्लेख पुरत नाही. अशा क्लेमसोबत नोट पाठवावी लागते आणि पेयरकडे, म्हणजे बिल भरणाऱ्या विमा संस्थेकडे, बसलेला माणूस ती वाचतो.

शस्त्रक्रियेदरम्यान पडद्यावर पाहायला वापरलेला एक्स-रे, म्हणजे फ्लुरोस्कोपी, या कोडमध्ये धरलेली असते. तोच खिसा साफ केला, थोडा मोठा केला, पुन्हा शिवला, तेही धरलेलं. खिसा जुन्या जागी बंद करून दुसऱ्या जागी नवीन केला तरच पेसमेकरसाठी ३३२२२ आणि डिफिब्रिलेटरसाठी ३३२२३ चा विचार, तोही एनसीसीआयची, म्हणजे कोणते कोड एकत्र चालत नाहीत ते सांगणारी, यादी पाहून. ती यादी दर तिमाहीला बदलते. मागच्या तिमाहीत चाललेली जोडी या तिमाहीत चालेलच असं नाही.

निदानाचा कोड

शस्त्रक्रियेचा कोड बरोबर आणि निदान चुकीचं असेल तरी क्लेम नाकारला जातो. म्हणून यंत्र का काढलं हे शोधा.

बॅटरी ठरल्याप्रमाणे संपत आली असेल तर तो बिघाड नाही. पेसमेकरचा जनरेटर बदलायला झेड४५.०१०, डिफिब्रिलेटरला झेड४५.०२. नवीन मुलं इथे हमखास टी८२.१११ए लावतात. तो जनरेटर खरोखर बिघडला तर आहे. बॅटरीचं आयुष्य संपणं म्हणजे बिघाड नव्हे. लीड तुटली तर टी८२.११०ए, जागेवरून सरकली तर टी८२.१२०ए. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मेडट्रॉनिक कंपनीने स्प्रिंट फिडेलिस नावाच्या लीड, त्या तुटतात या कारणावरून, बाजारातून मागे घेतल्या. जुन्या चार्टांत हे नाव दिसलं तर दचकू नका, पण नाव दिसलं म्हणून तुटली असंही धरू नका. त्या रुग्णाची लीड तुटल्याचं डॉक्टरांनी लिहिलंय का, ते पाहा.

जंतुसंसर्ग असेल तर टी८२.७एक्सएक्सए. मधले दोन एक्स जागा भरायला आहेत, ते विसरलात तर कोड अपुरा राहतो. शेवटचा ए म्हणजे त्या तक्रारीवर सक्रिय उपचार चालू आहेत. जंतू कोणता हे डॉक्टरांनी लिहिलं असेल तर त्याचा कोड जोडीला येतो, उदाहरणार्थ मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफ ऑरियससाठी बी९५.६१. कल्चरचा रिपोर्ट चार्टमध्ये दिसला म्हणून आपणच तो कोड लावायचा नाही.

एक नोट शेवटपर्यंत

सरावासाठी मी तयार केलेली ही नोट पाहा. वय ७२, ड्युअल पेसमेकर नऊ वर्षांपूर्वी बसवलेला. खिशावरची कातडी झिजून जनरेटरची कड बाहेर दिसते आहे. निदान : पेसमेकर खिशाचा संसर्ग. जनरल अ‍ॅनेस्थेशियाखाली खिसा उघडला, जनरेटर काढला. कर्णिकेतली लीड हलक्या ओढीने सुटली. जवनिकेतली चिकटलेली होती, लेसर नळी वापरून पूर्ण काढली. खिशातली खराब ऊती साफ केली. फ्लुरोस्कोपीत कुठलाही तुकडा मागे नाही. पाच-सहा दिवसांनी, रक्त निर्जंतुक झाल्यावर, उजव्या बाजूला नवीन पेसमेकर बसवायचं ठरलं आहे.

रकाने भरा. बाहेर : जनरेटर, दोन्ही लीड. आत : काही नाही. नवीन : आज काही नाही. सिस्टिम पेसमेकर, ड्युअल. म्हणून डॉक्टरांच्या क्लेमवर ३३२३५ आणि ३३२३३, निदान टी८२.७एक्सएक्सए. लेसर वेगळा नाही, साफसफाई वेगळी नाही, फ्लुरोस्कोपी वेगळी नाही. मॉडिफायर २२ नाही, कारण जादा कष्ट आणि वेळ यांबद्दल नोटमध्ये काहीच नाही.

सहा दिवसांनी त्याच डॉक्टरांनी उजवीकडे नवीन ड्युअल पेसमेकर बसवला. कोड ३३२०८. पण पहिल्या शस्त्रक्रियेचा ९० दिवसांचा काळ अजून चालू आहे. या काळात नेहमीची पुढची देखभाल पहिल्याच पैशांत धरतात. मॉडिफायर न लावता ३३२०८ पाठवला तर तो तिथेच अडकेल. नवा पेसमेकर नंतर बसवायचा हे आधीच ठरलं होतं आणि तसं पहिल्या नोटमध्ये लिहिलंय, म्हणून मॉडिफायर ५८. समजा ठरलेलं नसताना खिशात रक्त साठलं आणि ते काढायला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावं लागलं असतं, तर ७८. संबंधच नसलेली दुसरी शस्त्रक्रिया असती तर ७९. हे तीन आकडे पाठ करून उपयोग नाही. पहिली नोट शोधून वाचावी लागते.

हॉस्पिटलच्या बाजूचं बिल

वरचे सीपीटी कोड डॉक्टरांच्या बिलासाठी, आणि रुग्ण दाखल न होता आउटपेशंट म्हणून आला असेल तर हॉस्पिटलसाठीही. रुग्ण दाखल असेल तर हॉस्पिटलच्या बिलावर सीपीटी नसतं, आयसीडी-१०-पीसीएस असतं. त्यात कोड सात जागांचा असतो आणि प्रत्येक जागेला अर्थ असतो. शिरेवाटे लीड काढली : ०२पीए३एमझेड. पहिलं ० म्हणजे वैद्यकीय आणि शस्त्रक्रिया विभाग, २ हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या, पी काढणं, ए हृदय, ३ कातडीतून सुईवाटे, एम हृदयाची लीड, झेड पुढे काही नाही. खिसा उघडून जनरेटर काढला : ०जेपीटी०पीझेड. इथे जे म्हणजे कातडीखालची ऊती, पहिला पी काढणं, टी धड, मधलं ० उघडून, नंतरचा पी हृदयाच्या लयीशी संबंधित यंत्र. हे कोड टाइप करताना शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकू नका. पीसीएसमध्ये ओ हे अक्षर वापरलेलंच नाही.

हॉस्पिटलच्या बाजूला आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. यंत्र वॉरंटीत बिघडलं किंवा कंपनीने परत बोलावलं असेल, तर कंपनी हॉस्पिटलला नव्या यंत्राची किंमत पूर्ण किंवा अंशतः परत देते. मेडिकेअर म्हणजे तिथला मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. त्याच्या आउटपेशंट क्लेमवर ही परतफेड यंत्राच्या किमतीच्या ५० टक्के किंवा जास्त असेल तर ती दाखवावी लागते. रक्कम व्हॅल्यू कोड एफडीखाली टाकायची आणि सोबत कंडिशन कोड द्यायचा : आयुष्य संपण्याआधी बदललं असेल तर ४९, परत बोलावलेलं असेल तर ५०. ही रक्कम ऑप नोटमध्ये नसते, हॉस्पिटलच्या खरेदी विभागाकडे असते. म्हणून नोटमध्ये "रिकॉल" किंवा "वॉरंटी" असा शब्द दिसला की चार्टवर खूण करून टीम लीडला कळवा. ते पैसे दडले तर सरकारी कार्यक्रमाने, म्हणजे तिथल्या करदात्यांनी, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत भरल्यासारखं होतं. ऑडिटर नंतर ते शोधून काढतात आणि हॉस्पिटलला पैसे परत करावे लागतात.

नोट अपुरी असेल तेव्हा

"पेसमेकर सिस्टिम काढली", एवढंच लिहिलेलं असतं कधी कधी. लीड निघाल्या की राहिल्या, काही कळत नाही. अंदाज करायचा नाही, आणि शेजारच्या अनुभवी कोडरलाही "काय असेल गं ताई?" असं विचारून कोड टाकायचा नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवायची.

क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. "दोन्ही लीड काढल्या ना? तसं लिहून द्या, म्हणजे ३३२३५ लावता येईल," असं लिहिलं तर आपण डॉक्टरांच्या तोंडी शब्द घातले, आणि वर कोडचा, म्हणजे पर्यायाने पैशाचा, उल्लेखही केला. असं लिहावं : "अमुक तारखेच्या नोटमध्ये पेसमेकर सिस्टिम काढल्याचा उल्लेख आहे. लीडचं काय झालं ते कृपया नोंदवावं : पूर्ण काढल्या, अंशतः काढल्या, कापून टोपी बसवून ठेवल्या, तशाच ठेवल्या, किंवा अन्य." उत्तर सही-तारखेनिशी नोटला पुरवणी म्हणून जोडलं गेलं की मग कोड टाकायचा. तोवर चार्ट होल्डवर राहू द्या, मग त्या दिवसाचा टार्गेट एकाने कमी पडला तरी चालेल.